दुसऱ्या आईचं दूध आणि कमी दिवसांचं बाळ: नागपूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मेडिकल असो, मेयो असो, डागा असो की धंतोली-रामदासपेठेतलं एखादं खासगी रुग्णालय, एनआयसीयूबाहेरच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर प्रश्न तेच असतात. स्तनपान समुपदेशक म्हणून मी ते रोज ऐकते. त्याआधी त्याच बाकावर बसून मीही ते विचारलेत. माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात झाला, १२१० ग्रॅमचा. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवलेत. तुमच्या बाळाचा निर्णय मात्र ज्यांच्या हातात त्याची फाइल आहे त्या डॉक्टरांचा.

दुधाची बँक म्हणजे काय? कोणाचंही दूध पाजतात का?

कोणाचंही नाही. ज्या आईचं स्वतःचं बाळ पोटभर पिऊन नीट वाढतंय आणि तरी दूध उरतं, तिचंच घेतात. आधी विचारपूस होते: औषधं कुठली चालू आहेत, दारू, विडी, तंबाखू. मी खर्रा आणि गुडाखू असं नाव घेऊनच विचारते. "तंबाखू खाता का" म्हटलं की उत्तर "छे" येतं, आणि खर्रा त्यात धरलेलाच नसतो. मग रक्ततपासणी: एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस.

दूध मातृदुग्धपेढीत आलं की ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवतात आणि झटकन थंड करतात. उकळत नाहीत. नमुना कल्चरला जातो. जंतू वाढले तर ते दूध फेकून देतात. पास झालेलं उणे २० अंशांत गोठवून ठेवतात. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, तेव्हा हा काही कालपरवाचा प्रयोग नव्हे. सरकारी रुग्णालयांतल्या अशा केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वंही काढली.

म्हणजे मला दूध येणारच नाही असं डॉक्टरांनी ठरवलं का?

नाही हो. पहिला मान तुमच्याच दुधाचा. सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपण झालं, त्यात सिझेरियन, बीपी, बाळ एका मजल्यावर आणि आई दुसऱ्या, अशात दूध उतरायला तीन-चार दिवस लागतातच. तेवढ्या दिवसांत बाळाच्या पोटात काय घालायचं, एवढ्यापुरता दुसऱ्या आईच्या दुधाचा प्रश्न येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीही हेच सांगतात: आईचं दूध नसेल तर ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी दात्या आईच्या दुधाचा विचार करावा.

माझ्या बाबतीत तिसऱ्या दिवशी एकाने फाइल बघता बघता म्हटलं, "तुम्हाला दूध नाही, डबा आणून ठेवा." मी आणलाही. चौथ्या दिवशी पहाटे छाती दगडासारखी झाली. तो डबा बंदच राहिला, पण त्या एका वाक्याने माझी एक रात्र खाल्ली, म्हणून हे इथे लिहिते.

डब्याच्या दुधाने वजन लवकर वाढतं म्हणतात. मग तेच काऊन नाही देत?

वाढतं, हे खरं आहे. हे लपवून आईला दुसऱ्या आईचं दूध घ्यायला लावणं मला पटत नाही, कारण आठवड्याभरात काट्यावर आकडा दिसतो आणि मग तिचा कोणावरच विश्वास राहत नाही.

कमी दिवसांच्या बाळांसाठीचं पावडरचं दूध आणि दात्या आईचं दूध यांची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. पावडरवर वजन, लांबी, डोक्याचा घेर रुग्णालयात असताना जास्त वेगाने वाढतो. आणि पावडरवर नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस नावाच्या आजाराचा धोका साधारण दुपटीच्या घरात जातो. वॉर्डात याला एनईसी म्हणतात. आतड्याला सूज येते, भिंत मरायला लागते, कधी भोक पडतं. फीड थांबवावं लागतं, काहींचं पोट उघडावं लागतं, काही बाळं जातात.

अमेरिकेतली एक मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. अगदी इवली ४८३ बाळं, २९ आठवड्यांच्या आतली किंवा किलोच्या आतली, आणि त्यांच्या आयांचं दूध जेमतेम. दात्या आईच्या दुधावरच्या गटात एनईसी ४.२ टक्के, पावडरच्या गटात ९ टक्के. वजन मात्र पावडरवाल्यांचं जास्त वेगाने वाढलं. दोन वर्षांच्या आसपास बौद्धिक विकास तपासला तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखे निघाले. म्हणजे दात्या आईच्या दुधाने मूल हुशार होतं असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका, आणि वजन हळू वाढल्याने डोकं कमी चालेल या भीतीलाही त्यात आधार सापडला नाही.

मी आयांना एवढंच सांगते: हे दूध आतड्यासाठी आहे. वजनाची सोय वेगळी करावी लागते, आणि ती करता येते.

पण आईचंच दूध ना ते? मग त्यात कमी काय पडतं?

प्रथिनं, मुख्यतः. दूध देणाऱ्या बहुतेक आया पूर्ण दिवसांच्या बाळांच्या असतात, बाळंतपणाला बरेचदा काही महिने झालेले. आईच्या दुधातली प्रथिनं दिवस जातील तशी कमी होतात. पूर्ण दिवसांच्या तीन किलोच्या बाळाला ती पुरतात. किलोभराच्या बाळाला नाही, कारण पोटातले जे आठवडे त्याच्या अंगावर मांस चढायचे होते ते आता त्याला बाहेर काढायचेत.

हिशेब करून बघू. बाळाला दिवसाला दर किलो वजनामागे १६० मिली दूध जातंय. दात्या आईच्या १०० मिली दुधात प्रथिनं ०.९ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोमागे दीड ग्रॅमही भरली नाहीत. गरज साडेतीन ते चार ग्रॅमची. उष्मांक १०० मिलीला ६५ धरले तर १०४ होतात, हवेत ११५ ते १४०. दूध वाढवून हे भागत नाही. एवढ्याशा पोटात आणि हृदय-फुप्फुसांना सोसेल एवढंच पाणी घालता येतं.

तापवण्यानेही थोडं जातं. चरबी पचवायला मदत करणारं आईच्या दुधातलं लायपेज हे विकर त्या अर्ध्या तासात निकामी होतं, लॅक्टोफेरिन बरंच घटतं, रोगप्रतिकारक आयजीए काही प्रमाणात. चांगल्या जंतूंना पोसणाऱ्या खास शर्करा मात्र टिकून राहतात. म्हणूनच तुमचं स्वतःचं ताजं दूध, दोन मिली का असेना, वरचढ ठरतं.

सिस्टर दुधात एक पुडी मिसळतात, ती कसली?

तो फोर्टिफायर. प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस, जीवनसत्त्वं, थोडे उष्मांक. तो घातला की वरच्या हिशेबातली प्रथिनं किलोमागे तीन ग्रॅमच्या आसपास किंवा पुढे जातात. बाळाला किलोमागे ८० ते १०० मिली दूध पचायला लागलं की साधारणपणे सुरू करतात. सरसकट सगळ्यांना लागत नाही. ३२ आठवडे किंवा दीड किलो यांच्या आतल्यांसाठी विचार होतो.

"गाईच्या दुधापासूनच बनवतात ना तो, मग पावडरीचं काय वाकडं होतं?" असं एका आजींनी विचारलं होतं, आणि प्रश्न बिनतोड होता. हो, बहुतेक फोर्टिफायर गाईच्या प्रथिनांचेच असतात. आईच्या दुधापासून केलेलेही असतात, पण फार महाग. फरक असा की मुख्य खाणं आईचं दूध राहतं आणि पुडी त्यात चिमूटभर भर घालते. प्रत्येक कंपनीची पुडी वेगळ्या मापात मिसळायची असते. घरी अंदाजाने घालू नका आणि "थोडी जास्त घाला ना सिस्टर" असंही म्हणू नका. घट्ट झालेलं दूध बाळाच्या पोटाला सोसत नाही.

शेजारच्या पेटीतल्या बाळाचं वजन वाढून राहिलं, आमचंच नाही वाढत!

आधी पहिला आठवडा सोडा. वजन घटतंच, दहा टक्क्यांपर्यंत, अगदी लहानग्यांचं पंधरापर्यंतही. जन्माचं वजन भरून यायला दहा ते चौदा दिवस लागतात. माझ्या वहीत सहाव्या दिवशी १०९५ लिहिलंय आणि तेराव्या दिवशी १२१५, त्याला तीन वर्तुळं केलीत. त्यानंतर किलोमागे दिवसाला १५ ते २० ग्रॅम वाढ चांगली समजतात. सव्वा किलोच्या बाळाला हे २० ग्रॅमच्या आसपास येतात, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे साखर. एवढ्याशा फरकावर ओला लंगोट, सलाइनची पट्टी, नुकतीच झालेली शी, कशाचाही परिणाम होतो. म्हणून एका सकाळच्या आकड्यावर रडू नका. आठवड्याची सरासरी विचारा. आणि सोबत दोन गोष्टी विचारा ज्या कोणीच विचारत नाही: लांबी आणि डोक्याचा घेर. लांबी आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर वाढायला हवी, घेर अर्धा ते एक. वजन पाण्यानेही वाढतं, लांबी पाण्याने वाढत नाही.

ज्या तक्त्यावर ही टिंबं मांडतात त्यातला एक आपल्या गावाशी बांधलेला आहे. इंटरग्रोथ-२१ नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आठ ठिकाणी झाला: ऑक्सफर्ड, सिएटल, तुरीन, मस्कत, नैरोबी, बीजिंग, ब्राझीलमधलं पेलोतास आणि मध्य नागपूर. त्याच प्रकल्पातून कमी दिवसांच्या बाळांचे वाढीचे तक्ते २०१५ मध्ये आले, आणि त्यातली बाळं मुख्यतः आईच्या दुधावर वाढवलेली होती. "हे परदेशी तक्ते आपल्या पोरांना कशाला" असं कोणी म्हणालं की मी हे सांगते.

वाढ आठवडाभर खरंच मागे पडत असेल तर मात्र गप्प बसू नका. फोर्टिफायर वाढवणं, रक्तातलं युरिया-फॉस्फरस बघणं, जास्तीची प्रथिनं देणं, हे सगळं डॉक्टरांच्या हातात असतं.

नळीतून दूध देताना सिरिंजला पांढरं काय चिकटतं?

मलई! त्याकडे लक्ष गेलं असेल तर तुम्ही नजरेच्या पक्क्या. गोठवून पुन्हा पातळ केलेल्या दुधात चरबी वेगळी होते आणि भांड्याच्या कडेला, सिरिंजला, नळीला धरते. यंत्रावर तासन्‌तास थेंब थेंब सोडलं तर आणखी. जे चिकटलं ते बाळाच्या पोटात गेलं नाही, आणि उष्मांकांचा मोठा वाटा त्यातच असतो. म्हणून बाटली हलक्या हाताने गोल फिरवून मगच दूध ओढायचं, जोरात खळखळ करायची नाही. सिरिंज पंपावर असेल तर तिचं तोंड वरच्या बाजूला, म्हणजे वर आलेली मलई आधी जाते. गरम करायचं ते कोमट पाण्यात बाटली ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही.

माझं दूध यावं म्हणून काय करू? डिंकाचे लाडू, हळिवाची खीर चालू आहे.

खा की. चवीला छान, बाळंतिणीच्या अंगालाही बरं. पण दूध लाडवांनी कमी आणि छाती रिकामी करण्याने जास्त वाढतं. बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच हाताने काढायला सुरुवात करा. पहिला चीक थेंबाथेंबानेच येतो, सिरिंजच्या टोकाशी गोळा होतो, पिवळा, मधासारखा. तो मोजून लाजू नका. दिवसातून आठ ते बारा वेळा काढायचं, त्यात रात्री निदान एकदा-दोनदा. दोन आठवड्यांनी दिवसाला ५०० मिलीच्या आसपास गेलात तर उत्तम.

बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवायची कांगारू पद्धत जमेल तितके तास करा. वडिलांनीही करावी. ती केल्यानंतर लगेच दूध काढलं की धार वेगळीच येते, हे मी माझ्यावर बघितलंय.

भंडारा, गडचिरोली, बालाघाटहून येणाऱ्या आयांची वेगळी अडचण असते. आई दोन दिवसांनी घरी, बाळ नागपुरात. एसटी स्थानकावरचा हिरकणी कक्ष अशा वेळी वापरा. तो उघडा नसेल तर किल्ली मागा. नाव रायगडचा कडा उतरलेल्या आईचं आहे, तिथे ओशाळायचं कारण नाही.

उन्हाळ्यात घरून दूध आणलं तर नासतं का?

पुस्तकात लिहिलेले "बाहेर चार तास" हे २५ अंशांच्या खोलीचे असतात. नागपुरात नवतपात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा तो नियम विसरा. काढलं की लगेच फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, दारात नको. नेताना बर्फाच्या पॅकसह थर्मासचा डबा. फ्रिजमधलं २४ तासांत पोचवा, डब्यावर नाव, तारीख, वेळ. लोडशेडिंग झालं असेल तर सिस्टरना खरं सांगा.

जावेचं बाळ चार महिन्यांचं आहे, तिलाच भरपूर दूध आहे. सरळ तिचंच पाजलं तर?

पूर्वी घराघरांत हे चालायचं, मला ठाऊक आहे. पण किलोभराच्या बाळाला न तपासलेलं, न तापवलेलं दूध देऊ नका. सीएमव्हीसारखे विषाणू धडधाकट बाईला कळतही नाहीत आणि दुधातून जातात. जाऊबाईंची इच्छा असेल तर त्यांना पेढीत दाता म्हणून घेऊन या. तिथे दूध बहुधा अनेक आयांचं एकत्र होतं, त्यामुळे त्यांचंच तुमच्या बाळाला मिळेल असं नाही. इंटरनेटवरून तर अजिबात मागवू नका.

दुधातून स्वभाव, जात, गुण उतरतात का?

नाही. गाईचं दूध पिऊन कोणी रवंथ करायला लागलेलं मी पाहिलं नाही.

आमच्यात एका आईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं होतात, पुढे त्यांचं लग्न चालत नाही. मग?

मोमिनपुऱ्यातल्या एका आजोबांनी हे फार संकोचून विचारलं होतं. संकोचू नका. पेढीतल्या दुधाबाबत इस्लामी विद्वानांत दोन्ही मतं आहेत. काहींनी बाळाच्या जिवासाठी मोकळीक दिली आहे, काहींना ते मान्य नाही. तुमच्या मौलानांशी बोला आणि डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे आईचं दूध वाढवण्यावर सगळा जोर लावता येतो. लेखी संमतीशिवाय कोणी दात्या आईचं दूध देऊ नये, हा तुमचा हक्कच आहे.

सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, हे खरं का?

उलट आहे. जितके आठवडे जास्त पोटात, तितकं बाळ बळकट.

घुटी, मध, पाचवीच्या दिवशी जरासं काही चाटवलं तर?

नको. पाचवी जरूर पुजा, बाळाच्या तोंडात मात्र काही नको.

याचे पैसे किती?

दूध विकत घेता येत नाही, विकताही येत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, मे २०२४ मध्ये पत्रक काढून आईच्या दुधाचा व्यापार थांबवायला सांगितलं. देणाऱ्या आईला मोबदला नसतो. काही खासगी ठिकाणी तपासणी आणि प्रक्रियेचा खर्च लावतात. तो बिलात वेगळा लिहून मागा.

मलाही दूध द्यायचंय. चालेल का?

तुमचं बाळ नीट वाढत असेल, तुम्ही धडधाकट असाल, तर हो. थायरॉइडची गोळी चालू असली म्हणून बहुधा अडत नाही, पण प्रत्येक औषध सांगा. सिझेरियन असलं तरी चालतं.

एक प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून मीच लिहिते. बाळ गेलं तरी दूध येतच राहतं. काही आयांना ते शक्य तितक्या लवकर थांबवायचं असतं, आणि त्यासाठीही मदत मिळते. काहींना ते द्यायचं असतं. दोन्ही बरोबर. एक आई पंधरा दिवस दूध आणून देत होती. खुर्चीत बसायची, डब्यावर तारीख लिहायची, निघून जायची. कोणी तिला काही विचारलं नाही, आणि तिला तेच हवं होतं.

हे दूध किती दिवस चालतं? मग अंगावर कधी?

पेढीत साठा नेहमी तुटपुंजा, म्हणून सगळ्यात लहान आणि आजारी बाळांना आधी. बाळ दीड किलोच्या आसपास आलं किंवा तुमचं दूध पुरायला लागलं की बंद करतात. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास वाटी-चमचा किंवा बोंडलं, आणि चोखणं-गिळणं-श्वास यांचा मेळ चौतिसाव्या आठवड्याजवळ बसतो तेव्हा अंगावर. त्याआधी रिकाम्या छातीला नुसतं लावून चाखू देतात, तेही उपयोगी.

घरी नेल्यावर काय सांभाळायचं?

लोहाचे थेंब आणि व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात, बाळ गुटगुटीत दिसायला लागलं तरी. वाढ बघायची ती सुधारित वयाने: दहा आठवडे आधी झालेलं बाळ पाच महिन्यांचं झालं की वाढीच्या हिशेबात ते पावणेतीन महिन्यांचंच. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चुकवू नका, ती महिन्याच्या आतच व्हायला हवी, बाळ रुग्णालयात असो वा घरी.

आणि पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, अंग गार पडलं, बाळ दूध ओढेनासं झालं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. फाइल दाराजवळच टांगून ठेवा.